पटावरचे नाव आणि रिकामी जागा : मावळातील शाळा व कुटुंबाची सुट्टी

प्राथमिक शिक्षणाच्या प्रसारात आपल्या राज्याने मोठी मजल मारली आहे. शाळा वाडीवस्तीपर्यंत पोहोचली आणि सहा वर्षांच्या मुलाचे नाव पटावर चढणे ही आता नवलाची गोष्ट राहिली नाही. तथापि, पटावर नाव असणे आणि मूल वर्गात असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. शाळेत दाखल न झालेल्या मुलाचा शोध घेण्यासाठी सर्वेक्षणे होतात. दाखल होऊनही आज चार दिवस, उद्या आठ दिवस घरी राहणाऱ्या मुलाकडे मात्र कोणाचेच लक्ष जात नाही. या विखुरलेल्या गैरहजेरीची कारणे पाहू लागल्यास त्यांपैकी बरीचशी कुटुंबाशी निगडित असल्याचे दिसते. घरचे शेतकाम, घरचा हंगामी व्यवसाय, लग्न, जत्रा आणि अलीकडे वाढलेली कौटुंबिक सहल ही ती कारणे होत.

पुणे जिल्ह्यातील मावळ तालुका या प्रश्नाच्या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त आहे. मुंबई व पुणे या दोन महानगरांच्या मध्ये वसलेल्या या तालुक्यात भातशेती आहे, कारखाने आहेत आणि लोणावळ्यासारखे गजबजलेले पर्यटनस्थळही आहे. त्यामुळे कुटुंबाच्या सोयीसाठी शाळा बुडविण्याचे बहुतेक सर्व प्रकार येथे एकत्र पाहावयास मिळतात.

एकाच पावसाची दोन रूपे

लोणावळ्याचे सरासरी पर्जन्यमान वर्षाला ४,००० मिलिमीटरहून अधिक आहे. तेथून पूर्वेकडे यावे तसा पाऊस झपाट्याने कमी होत जातो. इंद्रायणी, आंद्रा व पवना या नद्यांच्या खोऱ्यांत, म्हणजे नाणे मावळ, आंदर मावळ आणि पवन मावळ या भागांत, भात हेच मुख्य पीक. वडगाव मावळ येथील कृषी संशोधन केंद्राने विकसित केलेला आणि १९८७ मध्ये प्रसारित झालेला ‘इंद्रायणी’ हा वाण तर आता राज्यभर घरोघरी पोहोचला आहे. या भाताचे वेळापत्रक मोठे काटेकोर असते. उन्हाळ्यात राब भाजावयाचे, पहिल्या पावसाबरोबर रोपे टाकावयाची आणि जुलैमध्ये खाचरांत पाणी साठले की चिखलणी करून लावणी उरकावयाची. लावणी लांबली तर उत्पन्न घटते. त्यामुळे त्या दिवसांत घरातील प्रत्येक हात शेतावर हवा असतो.

नेमक्या याच दिवसांत लोणावळा-खंडाळ्याचा पर्यटनाचा हंगाम भरास येतो. थंड हवेच्या इतर ठिकाणी उन्हाळ्यात गर्दी होते. लोणावळ्याचे खरे आकर्षण मात्र पावसाळा हेच आहे. भुशी धरण, लोहगड व विसापूर हे किल्ले, कार्ले व भाजे येथील लेणी या ठिकाणी शनिवार-रविवारी माणसांचा पूर लोटतो. भाजलेली कणसे, भजी आणि चहा यांची दुकाने रस्त्याच्या कडेने उभी राहतात. वर्षभराची मीठमिरची या चार महिन्यांत मिळवावयाची असल्याने त्या कुटुंबांनाही घरातील मुलांचा हात हवासा वाटतो.

आता शाळेचे वेळापत्रक पाहू. मे महिना आणि जूनचा पूर्वार्ध मोठ्या सुट्टीचा. शाळा सर्वसाधारणपणे जूनच्या मध्यास उघडते. अर्थात, शेत मोकळे असते तेव्हा शाळेलाही सुट्टी असते आणि शेताला मनुष्यबळ हवे असते तेव्हा शाळाही सुरू होते. दिवाळीची सुट्टी भाताच्या कापणी-झोडणीच्या आसपास येत असल्याने त्या वेळी कुटुंबाची ओढाताण तुलनेने कमी होते. लावणीला मात्र अशी कोणतीही सवड नाही. हा दोष कोणा एकाचा नाही. दोन वेळापत्रके स्वतंत्रपणे आखली गेली आणि त्यांची सांगड कोणी घातली नाही, इतकाच त्याचा अर्थ.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. लावणीच्या दिवसांत शाळेतून गैरहजर राहणारे प्रत्येक मूल चिखलात उभे राहून रोपे लावीत असते, असे नाही. पुष्कळदा घडते ते असे : आई दिवसभर खाचरात असते, घरी वर्ष-दीड वर्षाचे तान्हे मूल असते आणि त्याला सांभाळण्यासाठी तिसरी-चौथीतील थोरल्या मुलीला बांधावर बसविले जाते. तिची शाळा लावणीमुळे नव्हे, तर पाळण्यामुळे बुडते. रोगाचे निदान असे अचूक झाले म्हणजे उपायही सोपा होतो.

बुडालेल्या दिवसांचा हिशेब

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस व ८०० अध्यापन तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १,००० तास आवश्यक आहेत. म्हणजे प्राथमिक वर्गातील प्रत्येक दिवसाचे मोल सरासरी चार तासांच्या अध्यापनाइतके होय.

समजा, एक मूल लावणीसाठी आठ दिवस, नात्यातील लग्नासाठी तीन दिवस, देवदर्शनासाठी दोन दिवस आणि सहलीसाठी चार दिवस घरी राहिले. हे एकूण १७ दिवस झाले. यांपैकी एकही कारण पालकाला गैर वाटत नाही आणि सुटे सुटे पाहिले तर ते गैर नाहीही. परंतु त्यांची बेरीज ६८ तास होते. किमान २०० दिवसांच्या मानाने हा भाग साडेआठ टक्के आहे. यात आजारपणाचे दिवस धरलेले नाहीत. हंगामी दुकान चालविणाऱ्या कुटुंबातील मूल जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत दर शनिवारी शाळेत आले नाही, तर केवळ त्या चार महिन्यांत सुमारे १७ शनिवार जातात. शनिवारची शाळा सकाळची, म्हणून ती बुडाली तरी चालते, असा समज सर्वत्र आढळतो. तो दूर झाला पाहिजे.

हिशेब केवळ तासांचा नाही. शिकणे ही साखळी असते. दुसरीच्या वर्गात हातच्याची बेरीज ज्या आठवड्यात शिकविली गेली, त्या आठवड्यात जे मूल बांधावर होते, त्याची पुढची वजाबाकी अडते, गुणाकार अडतो आणि तिसरीत आल्यावर ‘याला गणित येत नाही’ असा शिक्का त्याच्यावर बसतो. वस्तुतः त्याला गणित येत नाही असे नसून त्याचा एक आठवडा हरवलेला असतो. पहिलीच्या मुलाचे तर आरंभीचे दोन महिने सर्वांत मोलाचे. अक्षरांची ओळख, वर्गात बसण्याची सवय आणि शिक्षकांविषयीचा विश्वास या तिन्ही गोष्टी याच काळात रुजतात. शहाण्यासुरत्या घरातील मुलाचे बुडालेले पाठ आई किंवा शिकवणी भरून काढते. ज्या घरात पहिलीच पिढी शाळेची पायरी चढते आहे, त्या घरात ही भरपाई करणारे कोणी नसते. सारखेच दिवस बुडाले तरी सर्वांचे नुकसान सारखे होत नाही, हे शिक्षकांनी व अधिकाऱ्यांनी विसरता कामा नये.

कायद्याची भूमिका

हजेरीसाठी कायद्याचा आधार घेण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्ये आपल्या सर्व संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१७ मध्ये मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला आणि मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती.

२००९ च्या अधिनियमाने वेगळी वाट धरली. मुलास शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य म्हणून त्यात नमूद आहे, परंतु त्यासाठी पालकास दंड सांगितलेला नाही. भर आहे तो यंत्रणेच्या जबाबदारीवर. कलम ९ नुसार मुलांचा प्रवेश, उपस्थिती व शिक्षणाची पूर्तता यांवर देखरेख ठेवणे आणि स्थलांतरित कुटुंबांतील मुलांचे प्रवेश सुनिश्चित करणे हे स्थानिक प्राधिकरणाचे काम आहे. शैक्षणिक दिनदर्शिका ठरविणे हेही त्याच कलमात स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. कलम २४ प्रमाणे शिक्षकांनी पालकांच्या नियमित बैठका घेऊन त्यांना मुलाच्या उपस्थितीतील नियमितपणाची माहिती द्यावयाची असते. कलम २१ खालील शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक व निम्म्या सदस्य महिला असणे आवश्यक आहे. म्हणजे लावणीची अडचण जिला सर्वांत अधिक ठाऊक, ती आईच या समितीत बसलेली असते. तिचे म्हणणे इतिवृत्तात येते किंवा कसे, हे ज्याचे त्याने तपासून पाहावे.

घरच्या कामाविषयीही कायदा स्पष्ट आहे. बालकामगार विषयक १९८६ च्या अधिनियमात २०१६ साली सुधारणा होऊन चौदा वर्षांखालील मुलांना सर्वच व्यवसायांत कामास ठेवण्यास मनाई झाली. कुटुंबाच्या धोकादायक नसलेल्या उद्योगात मुलाने मदत करण्यास मुभा आहे, पण ती शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत. मुलाच्या शिक्षणास त्यामुळे बाधा येता कामा नये. दुकानावर बसलेल्या मुलाच्या वडिलांना हा नियम धाक म्हणून सांगण्यापेक्षा माहिती म्हणून समजावून सांगितला, तर त्याचा परिणाम अधिक टिकतो.

सुट्टी गावाच्या सोयीने

शाळेच्या सुट्ट्या दगडावरची रेघ आहेत, असे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. कोठारी आयोगाने (१९६४-६६) शाळेचे कामाचे दिवस वाढवून सुमारे २३४ करावेत, अशी शिफारस केली होती. पुढे १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळेच्या वेळा व सुट्ट्या मुलांच्या सोयीने ठरविल्या जाव्यात, असे म्हटले. दिवस पुरेसे हवेत आणि ते मुलांच्या सोयीने हवेत, या दोन सूत्रांत विरोध नाही. आपल्या राज्यात शिक्षण खात्याच्या परिपत्रकांतून वर्षातील एकूण सुट्ट्या ७६ पेक्षा अधिक नसाव्यात आणि कामाचे दिवस किमान २३० व्हावेत, असा दंडक घालून दिला गेला. त्याच परिपत्रकांतून, उन्हाळ्याची किंवा दिवाळीची दीर्घ सुट्टी कमी करून ते दिवस गणेशोत्सव वा नाताळ यांसारख्या प्रसंगी शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने घेण्याची सवलतही दिली गेली. कोकणातील गणपतीचा आग्रह ज्या शहाणपणाने मान्य झाला, तेच शहाणपण मावळच्या लावणीला लावता येण्यासारखे आहे.

अन्य देशांतही याचे दाखले आहेत. स्कॉटलंडमध्ये ऑक्टोबरातील शालेय सुट्टीला अद्याप ‘बटाट्याची सुट्टी’ म्हणतात, कारण एके काळी ती बटाटे काढण्यासाठी मुलांना मिळत असे. फ्रान्समध्ये देशाचे तीन विभाग करून हिवाळी व वसंत ऋतूतील सुट्ट्या वेगवेगळ्या आठवड्यांत दिल्या जातात. जर्मनीत निरनिराळ्या राज्यांच्या उन्हाळी सुट्ट्या पुढेमागे ठेवल्या जातात, जेणेकरून सर्व कुटुंबे एकाच वेळी प्रवासास निघू नयेत.

इंग्लंडने दंडाचा मार्ग धरला. तेथील आइल ऑफ वाइट बेटावरील एका पालकाने २०१५ मध्ये शाळा सुरू असताना आपल्या मुलीला सात शालेय दिवसांच्या सहलीस नेले. दंड भरण्यास त्याने नकार दिला. मुलीची एकूण हजेरी नव्वद टक्क्यांहून अधिक आहे, तेव्हा ती ‘नियमित’च आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. तेथील सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये तो अमान्य केला आणि नियमित उपस्थिती म्हणजे शाळेने घालून दिलेल्या नियमांप्रमाणे उपस्थिती, असा अर्थ लावला. या निकालानंतरही सत्रातील सहली थांबल्या नाहीत. सुट्टीच्या काळात प्रवास महाग होतो आणि दंड भरूनही सत्रात जाणे अनेकांना स्वस्त पडते, हे त्याचे एक कारण. केवळ दंडाने हा प्रश्न सुटत नाही. पण ‘नव्वद टक्के पुरे’ हा युक्तिवाद आपल्याकडील सुशिक्षित पालकही करतात, म्हणून त्या निकालातील तत्त्व मननीय आहे.

कौटुंबिक सहल : सुशिक्षितांचा प्रश्न

गैरहजेरीचा विचार करताना आपली बोटे नेहमी शेतकऱ्याकडे व मजुराकडे वळतात. परंतु लोणावळ्याच्या रस्त्यांवर जुलैतील एखाद्या शुक्रवारी उभे राहिल्यास मोटारींतून उतरणारी शाळकरी मुले दिसतील. गर्दी टळावी, खोली स्वस्त मिळावी, म्हणून शुक्रवार किंवा सोमवार जोडून घेतला जातो. तळेगाव-वडगावच्या नोकरदार कुटुंबांतही रेल्वेचे आरक्षण मिळाले की शाळा मागे पडते. रजा प्रवास सवलत घेणाऱ्या कर्मचाऱ्यानेही स्वतःस एकदा विचारावे की, रजा आपली आहे, पण शाळा कोणाची बुडते आहे? मास्तरांनी खाचरातील मुलाच्या घरी जाऊन त्याला शाळेत आणावे आणि अधिकाऱ्याने आपले मूल सत्रात सहलीस न्यावे, हे विसंगत आहे. गाव हे सारे पाहत असते.

याचा अर्थ प्रवास निरुपयोगी आहे, असा मुळीच नाही. प्रवासाने मूल जितके शिकते तितके चार भिंतींत शिकत नाही, हे खरे आहे. कार्ल्याचे चैत्यगृह हे देशातील कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे. त्याच्या दगडी छताला आजही लाकडी फासळ्या आहेत. भाजे येथील लेणी तर ख्रिस्तपूर्व काळातील. ही लेणी पाहण्यासाठी दूरदूरचे लोक येतात, पण जवळच्याच वाडीतील मुलाने ती कोणी समजावून दिलेली असताना पाहिलेली नसतात. तेव्हा सहल हवीच, पण ती सुट्टीत हवी आणि डोळसपणे हवी. मुलाने एका कोऱ्या वहीत पाहिलेल्या पाच गोष्टी लिहाव्यात, एक चित्र काढावे आणि परतल्यावर ते वर्गात दाखवावे. एवढ्यानेही घरच्या सहलीला शाळेची जोड मिळते. अपरिहार्य कारणाने सत्रातच जावे लागले, तर पालकांनी आधी शिक्षकांस भेटून त्या दिवसांचा पाठ समजून घ्यावा. न सांगता मूल नेणे आणि परतल्यावर ‘पोट दुखत होते’ अशी चिठ्ठी देणे यातून मूल पहिला धडा खोटेपणाचा शिकते.

दिवाळीनंतर निघणारी कुटुंबे

काही कुटुंबांचा प्रवास मात्र हौसेचा नसतो. मावळातील डोंगरपायथ्याच्या कातकरी वस्त्यांतील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर व अन्य कामांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. अशा मुलाची गैरहजेरी दिवसांत नव्हे, महिन्यांत मोजावी लागते. येथे पालकांना उपदेश करणे व्यर्थ आहे. शाळेनेच मुलामागे जावयास हवे.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. कोसबाड येथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरविली. ती कुरणशाळा या नावाने प्रसिद्ध झाली. वसई परिसरात विधायक संसद या संस्थेने १९९० च्या दशकात वीटभट्टीवर भोंगाशाळा चालविल्या. शासनाच्या हंगामी वसतिगृह योजनेमुळे पालक बाहेरगावी गेले तरी मूल गावीच राहून शिकू शकते. जावेच लागले, तर शिक्षण हमी पत्रकाच्या आधारे त्याला नव्या ठिकाणच्या शाळेत बसता येते. अधिनियमाप्रमाणे अशा मुलाला प्रवेश नाकारता येत नाही आणि दाखल्यास विलंब झाला, हे कारणही सांगता येत नाही. हे पत्रक कुटुंब निघण्यापूर्वी हाती पडले तरच त्याचा उपयोग होतो. त्यासाठी दिवाळीच्या सुट्टीआधीच शिक्षकांनी वस्तीवर एक फेरी मारावी.

काय करता येईल

वरील विवेचनावरून काही साध्या गोष्टी सुचतात. त्यांना मोठ्या निधीची गरज नाही.

पहिली गोष्ट हजेरीपटाच्या खरेपणाची. पट शोभिवंत दिसावा म्हणून न आलेल्या मुलाची हजेरी मांडणे हा त्या मुलावर अन्याय आहे, कारण त्याची अडचणच कागदावरून पुसली जाते. गैरहजेरीबरोबर तिचे कारणही एका शब्दात नोंदवावे : लावणी, भावंड, दुकान, लग्न, सहल, स्थलांतर. तीन महिन्यांत गावाचे खरे चित्र समोर येते. अधिकाऱ्यांनीही कमी हजेरीबद्दल आधी जाब न विचारता आधी कारण विचारावे. तसे झाले तरच शिक्षक खरे लिहील.

दुसरी गोष्ट दिनदर्शिकेची. शाळा व्यवस्थापन समितीने एप्रिलमध्येच बसून येत्या वर्षीच्या लावणीचे संभाव्य दिवस, गावची जत्रा व मोठे सण यांची यादी करावी आणि दीर्घ सुट्टीतील पाच-सहा दिवस लावणीकडे वळविण्याचा ठराव केंद्रप्रमुखांमार्फत पाठवावा. घाटमाथ्यावरील आणि पूर्वेकडील गावांची लावणी एकाच वेळी येत नाही, म्हणून हा विचार केंद्रनिहाय व्हावा. कामाचे एकूण दिवस मात्र एकानेही कमी होऊ नयेत.

तिसरी गोष्ट ग्रामपंचायतीची. लावणीच्या पंधरवड्यात एखाद्या मंदिराच्या सभामंडपात किंवा समाजमंदिरात तान्ह्या मुलांसाठी तात्पुरते पाळणाघर चालवावे. अंगणवाडीत तीन वर्षांवरील मूल जाऊ शकते, प्रश्न त्याहून धाकट्याचा असतो. गावातील दोन वयस्क महिलांना मानधन देऊन हे काम होण्यासारखे आहे. एका पाळणाघराने दहा मुली शाळेत परत येतील.

चौथी गोष्ट शिक्षकांची. परत आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी ‘कुठे होतास इतके दिवस?’ असे रागाने विचारू नये. बुडालेला पाठ कोणता, हे पाहून शाळा भरण्यापूर्वी वा सुटल्यावर अर्धा तास द्यावा, शेजारच्या मुलाकडे त्याची जबाबदारी सोपवावी. ज्या मुलाला परतल्यावर लाज वाटते, ते पुन्हा जाण्याचे निमित्तच शोधते. गळतीची सुरुवात येथेच होते.

पाचवी गोष्ट पालकांची, मग ते खाचरातील असोत की कचेरीतील. मोठी सुट्टी, दिवाळी आणि रविवार मिळून वर्षातील पुष्कळ दिवस घराचे आहेत. उरलेले शाळेचे आहेत, एवढी मर्यादा सर्वांनी पाळावी.

मावळची माती पाण्याला धरून ठेवते, म्हणून तेथे भात पिकतो. बांध एके ठिकाणी फुटला तरी खाचर कोरडे पडते, हे येथील शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. लावणीच्या घाईतही तो आधी बांध सांधतो. मुलाच्या शाळेच्या वर्षालाही असेच बांध असतात. ते घर, शाळा व पंचायत यांनी मिळून वेळीच सांधले, तर येत्या जुलैत खाचरात रोपे उभी राहतील आणि वर्गातील जागाही भरलेल्या दिसतील.